लबाडकाकांचा रविवार

"काका, मुकाट्याने कबूल करा. लबाडी केलीत ना?"

"नाही हो! शपथेवर सांगतो, या डावात मी काहीसुद्धा केलेलं नाही."

"मग एकच माल दोघांना विकला गेला कसा?"

टेबलाभोवतीच्या सगळ्या नजरा लबाडकाकांवर खिळल्या होत्या. काकांनी दोन्ही हात वर करून पुढून-मागून दाखवले. हात रिकामे होते, पण टेबलावर व्हायचा तो घोटाळा झालाच होता. निळ्या पट्टीचा एक कप पालथा पडला होता आणि त्याच्या बदल्यात दोन सुलटे कप उभे राहिले होते, दोन वेगवेगळ्या माणसांपुढे.

काकांना लबाडकाका हे नाव ऑफिसातच पडलं होतं. एरवी माणूस इतका सरळ, की दुसऱ्याचं पेन चुकून खिशात आलं तर ते परत द्यायला जिना चढून वर येईल. सारा जन्म गणित शिकवण्यात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडण्यात गेला. बाहीत, बुटात, पट्टीच्या मागे, कंपासपेटीच्या झाकणात, पोरं काय काय लपवतात ते काकांना तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्याच एका विद्यार्थिनीने त्यांना फोन केला. "सर, माझ्याकडे या. तुमच्यासारखं लबाडाच्या डोक्याने विचार करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही." सरांना आधी राग आला आणि मग हसू आलं. ती विद्यार्थिनी आता ऑफिसातली मॅडम होती.

मॅडमची कंपनी गोदामांसाठी ब्लॉकचेन बनवत होती. गोदामातला माल जागचा हलत नाही, त्याचे मालक मात्र बदलत राहतात. या मालकीची नोंद कुणा एकाच्या दप्तरात ठेवली की त्या एकाची मर्जी सांभाळावी लागते. म्हणून ती अनेक साक्षीदारांकडे एकाच वेळी ठेवायची, म्हणजे मागाहून कुणालाच खाडाखोड करता येऊ नये. साक्षीदार म्हणजे माणसं नव्हेत, ठिकठिकाणी बसवलेले कॉम्प्युटर. मॅडमच्या टोळीचं काम त्याही आधीचं. एक व्यवहार म्हणजे नेमकं काय, तो कुठून सुरू होतो, कुठे पुरा होतो, मध्ये काय काय होऊ शकतं, हे सगळं गणिताच्या भाषेत लिहून काढायचं. त्यात 'बहुतेक' आणि 'साधारणपणे' हे शब्द चालत नाहीत. लिहून झालं की ते मॉडेल एका प्रोग्रामच्या हवाली करायचं. तो घटनांचे सगळे क्रम उलटेपालटे करून बघतो आणि मॉडेल कुठे मोडलंच, तर कोणत्या पायऱ्यांनी मोडलं ते तोंडावर फेकतो.

पण मॅडमचा एक हट्ट होता. प्रत्येक मॉडेल आधी टेबलावर खेळून बघायचं. कप म्हणजे माल. मालकाने माल विकला की आपला कप पालथा घालायचा, आणि त्याच क्षणी घेणाऱ्यापुढे नवा कप सुलटा ठेवायचा. एकदा पालथा झालेला कप पुन्हा कधीही सुलटा करायचा नाही. साक्षीदारांपुढे पाट्या असत. व्यवहाराची चिठ्ठी आली की साक्षीदाराने ती पाटीवर उतरवायची. काकांचं काम लबाडी करायचं. काका साळसूद चेहऱ्याने चिठ्ठ्यांचा क्रम बदलत, खोट्या सह्या करत, एकच कप दोघांच्या पुढे सरकवून बघत. चोरी सापडली की सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच व्हायचा.

आज मात्र मॅडमने सांगितलं होतं, सगळ्यांनी सरळ खेळायचं. सरांनीसुद्धा.

"मी सांगतो काय झालं," काका म्हणाले. "मी माझा माल हिला विकला. कप पालथा घातला, चिठ्ठ्या पाठवल्या. मग बराच वेळ काही कळेना, म्हणून या चष्मेवाल्याला विचारलं, बाबा रे, झाली का नोंद? तो म्हणाला, नाही, माझ्या पाटीवर माल अजून तुमचाच आहे. मला वाटलं पहिला सौदा फिसकटला. मग दुसऱ्याला विकला. आता यात माझं काय चुकलं?"

चष्मेवाला प्रोग्रामर उसळला. "पण मला चिठ्ठीच आली नाही! पाटीवर काय माझ्या मनाने लिहू?"

मॅडमने आपली मूठ उघडली. ती या खेळात टपालाचं काम करायची. मुठीत चुरगळलेली चिठ्ठी होती.

"मी दिलीच नाही तुला. काल प्रोग्रामने हेच काढून दाखवलं, म्हणून आज मुद्दाम खेळून बघितलं. लबाडीचे सगळे प्रकार आपण मॉडेलमध्ये घातले, सरांनी ते एकेक करून शोधून दिले. पण एक गोष्ट कुणीही न बोलता धरून चाललो, की बातमी सगळ्यांना वेळेवर पोचते. मॉडेल चुकलेलं नाही. गृहीत धरलेलं चुकलं."

चष्मेवाल्याने पाटी पुसायला फडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आणि पुढचं बघा," मॅडम म्हणाली. "आपला नियम काय? ज्याची पाटी बाकीच्यांशी जुळत नाही तो लबाड. त्याला बाद करायचं, पुन्हा त्याच्याशी बोलायचं नाही. म्हणजे हा बाद झाला."

"अगं, पण हा बिचारा लबाड कुठे आहे?" काकांचा आवाज त्यांच्याही नकळत चढला. "याला कळलंच नाही, एवढंच. मागे राहिलाय तो."

"सर, ते तुम्हाला दिसतंय, कारण अख्खं टेबल तुमच्यासमोर आहे. दुसऱ्या साक्षीदाराने कसं ओळखायचं? लबाडाची पाटी आणि मागे राहिलेल्याची पाटी बाहेरून अगदी सारखी दिसते."

काकांनी पालथा कप बोटाने जरासा फिरवला.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बाद करायचं नाही. त्याची पाटी कुठे थांबलीय ते विचारायचं, आणि तिथून पुढची एकेक नोंद त्याला क्रमाने द्यायची. शेवटची नोंद एकदम दिलीत तर तो ती मान्यच करणार नाही. मधलं काही त्याच्याकडे नसतंच ना."

"याला वेळ लागेल."

"लागेल तेवढा लागू दे. बाकीचे थांबतील."

शनिवार असल्यामुळे ऑफिस लवकर सुटलं. काका कप विसळून ठेवत होते तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असायची आणि फोनवर रोज आईची चौकशी करायची.

"बाबा, आई आज फोनवर म्हणत होती, धाकटी मावशी येणार आहे. तुम्ही अजून तिला तेच सांगताय?"

"मग काय सांगू?"

"खरं सांगा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"एकदाच होत नाही ना गं ते," काका म्हणाले, आणि त्यांनी विषय बदलला.

धाकटी म्हणजे काकूंची पाठची बहीण. ती गेली तेव्हा काकू चांगल्या होत्या. म्हणजे चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं, एकच गोष्ट चारदा विचारणं, इतपतच. पुढे मात्र विसरण्याचं दुखणं झपाट्याने वाढलं आणि एका सकाळी काकूंनी सहज विचारलं, "धाकटीचा फोन नाही आला बरेच दिवसांत?" काका बोलून गेले, "अगं, ती गेली ना." काकूंनी जो टाहो फोडला तो अजून काकांच्या कानात होता. "मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! मला तिच्याजवळ न्यायचं तरी होतं! एकटी गेली हो ती!" दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं गेलं. काकूंनी पुन्हा विचारलं, काकांनी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तोच टाहो. तिसऱ्या दिवशी काकांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "येणार आहे ती. रविवारी." काकूंचा चेहरा असा उजळला की काकांना स्वतःची लाज वाटायलाही सवड मिळाली नाही.

तेव्हापासून हाच पाठ चालू होता. काकू रोज विचारायच्या आणि काका रोज रविवार द्यायचे. रविवार उजाडला की म्हणायचे, पुढच्या रविवारी. काकूंना मागचं काही आठवायचं नाही, त्यामुळे चोरी पकडली जायची भीती नव्हती. ऑफिसात लबाडी करायचा पगार मिळायचा, घरी तीच फुकटात चालायची. एकच रविवार आपण किती वेळा खर्च केला, हे आज घरी येताना काकांच्या मनात आलं.

घरी पोचल्यावर दिवसभर काकूंना सांभाळणाऱ्या बाई चपला घालत म्हणाल्या, "आज स्वारी खुशीत आहे हो. कपाट आवरून घेतलं माझ्याकडून." काकूंनी दारातच विचारलं, "अहो, धाकटी कधी येणार?"

"उद्या," काका म्हणाले. उद्या रविवार होता. "उद्या नक्की."

रविवारी बाईंची सुट्टी असायची. काका सकाळी दूध आणि पेपर घेऊन परत आले आणि उंबऱ्यातच थबकले. काकू बाहेर जायच्या कपड्यांत दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. केस स्वतःच विंचरले होते. भांग जरा वाकडा होता, पण विंचरले होते. मांडीवर पर्स होती. आणि टेबलावर, पाहुण्यांसाठी म्हणून कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असलेल्या सेटमधले तीन कप बश्यांसकट मांडलेले होते.

"हे काय?" काकांनी विचारलं, पण त्यांना उत्तर माहीत होतं.

"असं काय करता? धाकटी यायची आहे ना आज. तुम्हीच सांगितलंत."

काकांच्या हातातली दुधाची पिशवी तशीच लोंबत राहिली. काकूंना काल जेवलो की नाही हे आठवत नव्हतं. मुलीचं नाव कधी कधी आठवत नव्हतं. त्यांच्याकडे काहीच टिकत नाही, असं धरूनच काका चालले होते. आणि या बाईने कुठेतरी आत, सगळं गळून जात असताना, तो रविवार तेवढा घट्ट धरून ठेवला होता.

"तिला... उशीर होईल जरा," काका म्हणाले. जन्मभराच्या सवयीने नव्हे, अलीकडच्या सवयीने.

"होऊ दे. मी थांबते."

त्या खरोखरच थांबल्या. जिन्यात पावलं वाजली की मान वर करायच्या. वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन गेला, समोरची मुलं गेली. दर वेळी मान वर व्हायची आणि हळूच खाली यायची. काकांनी चहा केला तर म्हणाल्या, "ती आल्यावर घेऊ." जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "तुम्ही घ्या जेवून, मी तिच्याबरोबर बसेन." काकांनी पेपरचं पहिलं पान इतक्या वेळा वाचलं की शेवटी त्यांना मथळेही दिसेनासे झाले. दुपार टळत आली. काकूंच्या पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हतं. आज थापा मारून निभावलं तरी उद्या ही पुन्हा याच खुर्चीत येऊन बसली तर? काकांना रडूच येऊ लागलं. त्यांनी डोळे पुसले, दुसरी खुर्ची ओढली आणि काकूंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले.

शेवटची नोंद एकदम द्यायची नाही. पाटी कुठे थांबलीय ते आधी विचारायचं.

"धाकटीचा गुडघा दुखायचा, आठवतं का गं तुला?"

"न आठवायला काय झालं? जिना चढताना जिन्यालाच शिव्या द्यायची मेली."

"हां. मग ती आपल्याकडे राहायला आली. त्या खिडकीशी तिचा पलंग लावला होता."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पडदा नको म्हणायची. उजेड हवा तिला."

"बरोबर. आधी आपल्याला वाटलं गुडघाच आहे. मग ताप यायला लागला. मग डॉक्टर म्हणाले, दाखल करा."

"मग?"

"तुला घरी थांब म्हटलं तर तू ऐकेनास. डबा घेऊन रोज यायचीस. नर्सशी भांडलीस एकदा, भेटायची वेळ संपली म्हणून ती तुला बाहेर काढत होती तेव्हा."

"मी?" काकूंना हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं. "बरं केलं."

काका एकेक सांगत गेले, घाई न करता. मध्येच काकू भलतंच विचारायच्या, तिची चप्पल कुठे आहे, घरी पाणी कोण भरतंय, आणि काका त्याचंही उत्तर द्यायचे. कधी सांगितलेलं निसटायचं, मग ते दोन पावलं मागे जाऊन पुन्हा सुरू करायचे. चोरी पकडणाऱ्या मास्तरांचा आवाज असा नव्हता. वर्गातल्या सगळ्यांत मागे पडलेल्या पोराला त्रैराशिक समजावतानाचा त्यांचा आवाज मात्र असाच असायचा.

"शेवटी शेवटी ती बोलत नव्हती. नुसती बघायची. तू तिचे केस विंचरायचीस."

काकूंचा हात पर्सवरून उठला आणि हवेतच थोडा हलला. "तिचे केस फार गुंतायचे," त्या म्हणाल्या. मग थांबून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ती गेली का हो?"

"गेली."

आता टाहो फुटणार, म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पण काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मी होते का तिथे?"

"होतीस. तिचा हात तुझ्या हातात होता. आम्ही सगळे बाहेर होतो. तू एकटीच आत होतीस तिच्याजवळ."

"म्हणजे एकटी नाही गेली ती."

"नाही गं. मुळीच नाही."

काकू रडल्या, पण रडणं वेगळं होतं, बिनआवाजाचं. काकाही रडले. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, वर गेली. काकूंनी मान वर केली नाही.

काही वेळाने त्या उठल्या आणि टेबलापाशी गेल्या. तिसरा कप त्यांनी उचलला, आतून निरखून पाहिला, आणि बशीवर पालथा घातला. मग उरलेले दोन कप काकांकडे सरकवत म्हणाल्या, "चहा करा. भूक लागलीय मला."

सोमवारी सकाळी काका ऑफिसची पिशवी खांद्याला लावून निघाले. सांभाळणाऱ्या बाई नुकत्याच आल्या होत्या आणि टेबल पुसायला घेत होत्या. तिसरा कप तसाच होता. काकांनी रात्री तो हलवला नव्हता. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या आणि बोटाने कपाच्या बुडावर टिचकी मारून बघितली.

"अहो, हा कप पालथा का घातलाय? आणि धाकटी कधी येणार?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. रविवार म्हणा आणि सुटा, असंच त्या नजरेत होतं. काकांनी घड्याळाकडे बघितलं, पिशवी खांद्यावरून काढून खुंटीला अडकवली आणि मॅडमला फोन लावला.

"मला आज उशीर होईल," ते म्हणाले.

"बरं वाटत नाही का, सर?"

"तसं काही नाही. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, एवढंच."

"लागू दे. आम्ही थांबतो."

फोन ठेवून काकांनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. काकूंचा हात धरून त्यांना एका खुर्चीत बसवलं आणि दुसरीत स्वतः बसले.

"धाकटीचा गुडघा दुखायचा, आठवतं का गं तुला?"

काकू हसल्या. "न आठवायला काय झालं?"